सूचक प्रशासक, अनुमोदक चेलारामशेठ

८ जानेवारी २००७, सोमवार

आज सभा. अकरा विषय, अकरा मिनिटं. घड्याळ लावून बघितलं.

सभागृहात माणसं तीन. अध्यक्षांच्या खुर्चीत साहेब, खाली सभा लिपिकाच्या टेबलाशी मी, दाराशी आमचे शिपाई पाटीलमामा. बाकी छत्तीस खुर्च्या रिकाम्या, पण मामांनी सगळ्या पुसल्या होत्या. मी विषय वाचायचा, साहेबांनी माइकचं बटण दाबून 'मंजूर' म्हणायचं. मी चार हातांवर बसलेली असते, तरी माइक!

नगरसेवकांची मुदत गेल्या उन्हाळ्यात संपली. वॉर्डांच्या हद्दीवरून कुणीतरी कोर्टात गेलं, निवडणूक अडकली, म्हणून वरून प्रशासक आले. सहा महिन्यांसाठी. ते संपले, आणखी सहा मिळाले. आता सभागृह म्हणजे साहेबच.

पूर्वी अकराला सुरू झालेल्या सभेत चार वाजेपर्यंत मागचं इतिवृत्तसुद्धा कायम होत नसे. आरडाओरडा, सभात्याग. एकदा पाण्याचा ग्लास भिरकावला तो माझ्या वहीवर. पाचचा चहासुद्धा भांडणात गार व्हायचा. आता मी साडेअकराला माझ्या जागेवर परत. बरं वाटतं का? वाटतं. खोटं कशाला लिहू.

एक कळत नाही. केबिनमध्ये बसून सही केली तरी चालणार आहे. मग सभा कशाला भरवतात?

११ जाने.

विचारलंच. फाइल सहीला नेली होती, म्हटलं, "साहेब, सभा सभागृहातच घ्यायला हवी का?"

ते चिडतील असं वाटलं होतं. उलट पेन खाली ठेवलं. "मॅडम, माणसं कमी झाली म्हणून पद्धत का कमी करायची? पद्धत मोडायची नाही."

आवडलं मला हे. घरी येताना लोकलमध्ये, वांगणीला उतरेपर्यंत तेच डोक्यात. पद्धत माणसांसाठी होती ना? की उलटं?

२१ जाने., रविवार

दादांकडे गेले होते. दादा म्हणजे माझे वडील. अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर झाले, आता खदानवस्तीत बसून पेपर वाचतात आणि सगळ्या जगावर नाराज असतात. फक्त आमच्या साहेबांवर खूश.

"सहा वाजून दहा मिनिटांनी पाणी. रोज. कुणाच्या मागे फिरावं लागलं नाही. आणि गटार? कुणी सांगितलं नाही, अर्ज नाही, आपोआप उपसलं."

आत्या आतून म्हणाली, "आपोआप कसं रे? कुणीतरी हात घातला असंल ना त्यात."

आत्या म्हणजे दादांची मोठी बहीण. एकटीच असते, दादांच्या शेजारच्या खोलीत. वस्तीच्या समाजमंदिरात पालिकेची बालवाडी चालवते, पस्तीस वर्षं. मानधनावर. तिचा एक दोर आहे, सुती, जाड, हातभर अंतरावर गाठी मारलेला. सकाळी घरोघर फिरते, एकेक पोर एकेक गाठ धरतं, नि अशी सव्वीस पोरांची रांग समाजमंदिरात येते. मी पण धरलाय तो दोर. म्हणजे ह्याच्या आधीचा. माझी गाठ शेवटून दुसरी.

५ फेब्रु., सोम.

सभा. नऊ मिनिटं.

विषय सातवा वाचत होते. 'शहरातील सात बालवाड्यांचे एकत्रीकरण करून पालिका मुख्य इमारतीलगत एक आदर्श बालवाडी जूनपासून सुरू करणे.' टिपणी मीच टाइप केली होती, चार दिवसांपूर्वी, इतर दहा टिपण्यांबरोबर. टाइप करताना बोटं चालतात, डोकं नाही. आज मोठ्याने वाचताना यादीत तिसऱ्या नंबरला 'खदानवस्ती' आलं, आणि तेव्हा कळलं की ही आत्याची.

आवाज हलला नाही माझा. हे मला आता विचित्र वाटतंय. 

"मंजूर."

ठराव क्र. ४१. पुढचा विषय पथदिव्यांचा होता.

६ फेब्रु.

संध्याकाळी आत्याला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली.

"ठराव मांडला कुणी?"
"साहेबांनी."
"हो कोण म्हणालं?"
"साहेबच."
"मंग नाही कोण म्हणणार व्हतं?"

मला हसू आलं, तिलाही आलं. मग ताट बाजूला ठेवून म्हणाली, "शालू, हायवे हाय गं मधी. माझा दोर हायवे कसा ओलांडंल?"

दादा मध्ये पडले. नव्या ठिकाणी कॉम्प्युटर आहे, संडास चांगला आहे, पोरांचं भलंच आहे, तुझंही वय झालं. आत्या म्हणाली, भलं हाय तर वस्तीत येऊन सांगायचं ना कुणीतरी. दादा म्हणाले, प्रत्येकाला विचारत बसलं तर कामं होत नाहीत. आत्या उठून आपल्या खोलीत गेली. दोघं कालपर्यंत एका ताटलीत भेळ खात होती.

९ फेब्रु.

उगाच उत्सुकता. रेकॉर्ड रूममधून जुनी इतिवृत्तं काढली. बालवाड्या एकत्र करायचा विषय पूर्वी कधी आला होता का?

आला होता! पाच वर्षांपूर्वी. माझ्याच अक्षरात, तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. साडेतीन तास चर्चा. खदानवस्तीच्या नगरसेविका उभ्या राहून म्हणाल्या होत्या की चार वर्षांचं पोर हायवे कसं ओलांडणार, आधी तुम्ही तुमची पाठवून दाखवा. मग गोंधळ. मग विषय तहकूब. समासात मी वैतागून तीन उद्गारचिन्हं काढलीत. त्या दिवशी माझी गाडी चुकली होती, आठवतंय.

म्हणजे आत्या परवा जे बोलली ते या इमारतीत एकदा बोलून झालं होतं. त्या गोंधळात. साहेबांना ते कळायचं कुठून? ते नाशिककडचे. वाईट माणूस नव्हे. जिन्यात पडलेली बाटली स्वतः वाकून उचलतात, मी बघितलंय.

१९ फेब्रु., सोम.

आजचं नीट लिहिते.

आत्याने माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचं तिकीट लावून, वस्तीतल्या मुलीकडून लिहून घेऊन. ठराव ४१ ची प्रमाणित नक्कल पाहिजे. अर्ज माझ्याकडेच आला. इतिवृत्ताचं पुस्तक काढलं, पान उघडलं, आणि नक्कल करायची म्हणून पहिल्यांदा नीट वाचलं.

सूचक : मा. प्रशासक.
अनुमोदक : श्री. चेलाराम.
ठराव सर्वानुमते मंजूर.

चेलाराम! चेलारामशेठ नगरसेवक होते, कापडवाले. त्यांची मुदत इतरांबरोबरच संपली. ते फेब्रुवारीत अनुमोदन कसं देतील?

घडलं असं. पालिकेत कुणी काहीही मांडलं की चेलारामशेठ डुलकीतून उठून हात वर करायचे, "अनुमोदन!" रस्ता असो, गटार असो, शोकप्रस्ताव असो. कॉम्प्युटर आल्यावर मी ठरावाचा नमुना केला तेव्हा अनुमोदकाच्या जागी त्यांचं नाव कायमचं टाकून ठेवलं. दर वेळी काय टाइप करायचं? बदलायचा फक्त सूचक. प्रशासक आले तेव्हा मी सूचक बदलला. खालच्या ओळीकडे बघायची सवयच नव्हती.

मागची पानं उलटली. जूनपासूनचा प्रत्येक ठराव. एकूण एक. साहेबांनी मांडलेलं सगळं चेलारामशेठनी उचलून धरलंय.

आधी इतकं हसले की मामा पाणी घेऊन आले. मग पुस्तक मिटून ठेवलं.

२० फेब्रु.

साहेबांची प्रत्येक पानावर सही आहे. ऑडिटवाल्यांची टिक आहे, लाल. जिल्ह्याला, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे, दर ठरावाची प्रत जाते, पोच माझ्याकडे आहे. आणि मी. एवढ्या लोकांच्या हाताखालून गेलं, वाचलं कुणीच नाही.

पूर्वी सभेत पहिल्या पाच मिनिटांत कुणी ना कुणी ओरडायचं, 'इतिवृत्त चुकीचं लिहिलंय!' तेव्हा मला त्या माणसांचा राग यायचा. घरी येऊन शिव्या द्यायचे.

नक्कल जशी आहे तशी दिली. 'खरी नक्कल' असा शिक्का मारायचा असतो, मग दुसरं काय देणार?

२४ फेब्रु., शनि.

आत्याने चष्मा लावून नक्कल दोनदा वाचली. मला वाटलं तिला कळणार नाही.

"हा चेलाराम म्हणजे कापडवाला? त्यो कशाला माझी बालवाडी बंद करंल? पोरांच्या गणवेशाचं कापड त्यानंच दिलं व्हतं की, कापून उरलेलं." मग माझ्याकडे वळली. "शालू, तू लिवलंस हे?"

"हो."

"चुकून?"

"हो गं आत्या."

तिने नक्कल घडी करून दोराच्या डब्यात ठेवली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

३ मार्च, शनि.

चेलारामशेठच्या दुकानात. सांगायला तर हवंच होतं. त्यांचं नाव, त्यांना माहीत नाही.

"बैठो, शालिनीबाई. ए, एक कटिंग बोल रे." आणि ऐकून घेतलं. मला वाटलं भडकतील. गादीवर मागे रेलून एवढे हसले की गिऱ्हाईक बघायला लागलं. "मतलब मी घरी बसलो तरी अनुमोदन चालूच? साईं, हे तर कमाल झालं."

मग मी धीर करून विचारलं, तुम्ही दर वेळी अनुमोदन का द्यायचात? आम्ही ऑफिसात हसायचो तुमच्यावर.

"माहीत आहे मला, हसायचे ते. ऐका. अनुमोदक नाही मिळाला तर विषय पडतो. त्याच्यावर बोलतच नाही कोणी. बरोबर ना? मग एखादा नवा आला, एकटा, पार्टी नाही, त्याचा विषय पडायचा. मला बरं नाय वाटायचं. म्हणून हात वर. अनुमोदन म्हणजे मी हो बोललो असं नाय हां. मतलब, इसको बोलने दो. मत तर मी पुष्कळ वेळा विरुद्ध दिलंय, तुमच्याच पुस्तकात बघा."

सात वर्षं मी हे लिहीत होते आणि मला कळलं नव्हतं.

मग उल्हासनगरच्या कॅम्पचं सांगायला लागले. त्यांचा जन्म बॅरेकमधला. आईबाप सिंधमधून आलेले, एका पेटीनिशी. "कॅम्पला कमांडंट होता. एकच माणूस. रेशन कुणाला, नळ कुठं, कोण कुठल्या बॅरेकमध्ये, सगळं तो. आणि सगळं टायमावर! बाबा शेवटपर्यंत बोलायचे, कमांडंटसारखा माणूस नाही. पण पहिलं इलेक्शन आलं ना, तर बाबा त्याच्याकडेच विचारायला गेले, साहेब, मत कुणाला देऊ? इतकी सवय झालेली. दोन-तीन वर्षांत."

"मग कमांडंट काय म्हणाले?"

"ते बाबांनी कधी नाय सांगितलं."

हे फार वेळ डोक्यात राहिलं. सवय किती दिवसांत लागते? मला आठ महिने झाले.

१६ मार्च

वरून दोन अधिकारी आले होते. आमची सभा बघायला! बारा विषय, दहा मिनिटं. मागच्या रांगेत बसून टिपणं घेतली. नंतर केबिनमध्ये चहा. साहेब लाजले होते, कौतुक झालं की लाजतात. मोठे अधिकारी म्हणाले, "हे इतर जिल्ह्यांत का होऊ नये? राज्यभर शिस्त येईल. मग आणखी वर सुचवता येईल." त्यांनी नमुना मागितला. आणि एक ठराव, उदाहरण म्हणून.

साहेब म्हणाले, "मॅडम, एक्केचाळीस द्या. एकत्रीकरणाचं चांगलं उदाहरण आहे."

त्यांच्या माणसाने माझ्या मशीनला पेन ड्राइव्ह लावला. निळी पट्टी सरकत होती. 'थांबा, त्यात एक चूक आहे' एवढंच म्हणायचं होतं. वेळ होता. मी त्या पट्टीकडे बघत बसले.

का नाही बोलले? भीती वाटली असं लिहिलं तर पूर्ण खरं नाही. दहा मिनिटांची सभा झाली होती, सगळे समाधानी होते, चहा आला होता. मोडावंसं वाटलं नाही.

लाज वाटते आहे.

१४ एप्रिल, शनि.

जयंती. विहारात दादांनी संविधानाची उद्देशिका वाचली, दर वर्षी तेच वाचतात. आवाज अजून खणखणीत. मिरवणुकीत पुढे आत्याची पोरं, पांढरे कपडे, दोर धरून. दोर निळा रंगवला होता या वर्षी. लोक टाळ्या वाजवत होते. समाजमंदिरातली बालवाडी जूनपासून बंद होणार हे अर्ध्यांना माहीत नव्हतं.

घरी आल्यावर म्हटलं, "दादा, साहेब चांगले आहेत ना?"

"चांगलेच आहेत."

"ते बदलून गेले आणि त्या खुर्चीत कुणी वाईट आला तर?"

"सरकार बघेल की वर."

"आणि वरही अशीच अकरा मिनिटांची सभा झाली तर?"

त्यांनी पेपर उघडला, मिटला. "चहा टाक," म्हणाले. आत्यासाठीपण टाक, असंही म्हणाले. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा.

२३ एप्रिल, सोम.

मुदतवाढ. जूननंतर आणखी सहा महिने. ऑफिसात कुणी त्यावर बोललं नाही, बातमी आली तेव्हा सगळे मॅच लावून बसले होते.

मागच्या वर्षीची रोजनिशी सहज चाळली. तिच्यात आमच्या पालिकेचं नाव पानोपानी आहे, गावासकट. नगरसेवकांची नावं, कोण काय बोललं, मी त्यांना दिलेली टोपणनावं. या वहीत गावाचं नाव एकदाही नाही. साहेबांचंही नाही. कधी ठरवलं मी हे? मला कुणीही काही सांगितलेलं नाही. वही माझी आहे, कपाटात साड्यांखाली असते.

आत्ता लिहावं म्हणून पेन टेकवलं. नाही लिहिलं.

७ मे, सोम.

आत्या आणि चेलारामशेठ जिल्ह्याला जाऊन अर्ज देऊन आले. त्यांच्या गाडीतून. चेलारामशेठनी लिहून दिलंय की मी हे अनुमोदन दिलेलं नाही, तेव्हा मी नगरसेवक नव्हतो, माझ्या नावाने झालेला ठराव रद्द करा. आत्याने खाली सही केलीय, सोबत सव्वीस पोरांची नावं. सुनावणी ११ जूनला. बालवाडी उघडायचा दिवसही तोच.

आत्या सांगत होती, "शेठ गाडीत म्हनले, आयुष्यभर सगळ्यांना अनुमोदन दिलं, पहिल्यांदा काढून घ्यायला चाललोय. रडले थोडे. मी बिस्कीट दिलं."

१५ मे

साहेबांनी बोलावलं. टेबलावर अर्जाची प्रत.

"तुम्ही सांगितलंत त्यांना?"

"माहिती अधिकारात नक्कल मागितली होती. जशी आहे तशी दिली."

मग चक्क हसले. "म्हणजे पद्धत मोडली नाहीत."

राग नव्हता. मला वाटतं त्यांना खरंच गंमत वाटली. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, टायपिंगची चूक आहे, एवढ्याशा गोष्टीसाठी एवढं मोठं काम अडू नये. सगळी पानं नव्याने काढा. जुने कागद पाणी लावून सोडवायचे नि नवे चिकटवायचे. आमच्या पुस्तकात टाइप केलेले कागद खळीने चिकटवलेले असतात, पुस्तक तेच राहतं. सुनावणीला नवं दाखवू. "कारवाई करायची तर ती तुमच्यावर होईल मॅडम. मला ती करायची नाही. तुम्ही चांगलं काम करता."

हे त्यांनी मनापासून म्हटलं.

"अनुमोदकाच्या जागी काय लिहू?"

"काहीच नको. ओळच काढून टाका."

२६ मे, शनि.

सात वर्षं नोकरी, त्याआधी आठ वर्षं रोजंदारी. घराचा हप्ता. मुलगी दहावीला जाणार. हे सगळं खरं आहे, आणि आत्याचा दोरही खरा आहे.

पान बदललं तर चेलारामशेठ सुनावणीत खोटे ठरतील. आत्याच्या हातातली नक्कलही. 'खरी नक्कल' वर शिक्का माझा, आणि ती खोटी, असं होईल. मग तिच्याकडे काहीच उरत नाही. 

आत्याला विचारलं, काय करू? तिने सांगितलं नाही. "तू लहानपणी गाठ सोडायचीस मधीच," एवढंच म्हणाली. "फुलपाखरू दिसलं की. मी थांबायचे. पुढची पोरं वरडायची, चला बाई. पण थांबायचे."

४ जून, सोम.

नवी पानं छापून झाली. एक्केचाळीसचं सगळ्यात शेवटी छापलं. सूचक : मा. प्रशासक. त्याखाली लगेच, ठराव सर्वानुमते मंजूर. ओळ गेल्यावर कागद किती नीटनेटका दिसतो! चूक शोधायला जागाच नाही.

सगळ्यावर मी 'सभा लिपिक' म्हणून सही करायची, मग साहेब. जुने कागद अजून पुस्तकात आहेत. मामांनी वाटीत पाणी आणि स्पंज आणून ठेवला. सोमवारच्या आत करा, म्हणाले साहेब. मी वाटी खिडकीत ठेवली. संध्याकाळपर्यंत कावळा पिऊन गेला.

८ जून, शुक्र.

दुपारी फोन. लांबच्या जिल्ह्यातून, नगरपालिका, तिथला सभा लिपिक. आवाज तरुण, घाईतला. तिकडेही प्रशासक आलेत म्हणे, मार्चपासून. वरून आमचा नमुना गेलाय.

"मॅडम, तुमचाच नमुना वापरतोय आम्ही. फार सोपा आहे. फक्त एक विचारायचं होतं. ते अनुमोदक चेलाराम कोण? शासनाने नेमलेत का? आमच्याकडेपण त्यांचंच नाव ठेवायचं ना? शेजारच्या पालिकेने ठेवलंय."

मला हसू यायला हवं होतं. मी विचारलं, "तुम्ही पहिला ठराव कुठला केलात या नमुन्यावर?"

"उदाहरणातलाच केला. बालवाड्यांचा. साहेब म्हणाले, तयारच आहे तर."

"किती होत्या तुमच्याकडे?"

"नऊ."

"आणि आता?"

"एक. का हो मॅडम?"

खिडकीतून नव्या बालवाडीचं बांधकाम दिसतं. छान झालंय, रंगसुद्धा छान. समोर हायवे. तो फोनवर हॅलो हॅलो करत होता. मग म्हणाला, "ओळ ठेवू की काढू, एवढं सांगा. दोन्ही चालतंय म्हणतात."

"ओळ ठेवा," म्हटलं.

"आणि नाव?"

"सोमवारी आमच्याकडे सुनावणी आहे. सोमवारी सांगते. नंबर द्या तुमचा."

त्याने नंबर सांगितला. समोर एक्केचाळीसचं नवं पान होतं, सहीसाठी काढून ठेवलेलं. त्याच्यावरच लिहून घेतला. मधोमध, शाईच्या पेनने; आता ते पुस्तकात लागणार नाही. टेबलावर दुसरे कोरे कागद होते.